तेल लागलेल्या गावात बिऱ्हाड: नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्यात, विलिस्टन या गावी नशीब काढायला निघालेल्यांसाठी आहे. साल 2012 धरलं आहे. ती फार उशिरा हाती पडली अशी तक्रार कोणी करू नये. तेजीची बातमी नेहमी उशिराच येते. आतेभावाच्या मित्राला तिथे महिन्याला आठ हजार डॉलर मिळतात हे तुमच्या कानावर आलं, त्याअर्थी ते विलिस्टनच्या घरमालकांच्या कानावर बरंच आधी गेलेलं आहे आणि त्यांनी त्याप्रमाणे भाडी लावून ठेवली आहेत.

वाचकाकडे अमेरिकेत काम करण्याचा परवाना आहे असं आम्ही गृहीत धरतो. ह्यूस्टनमध्ये एच-वन-बी व्हिसावर संगणकासमोर बसणाऱ्याला रिगवर पाइप उचलायला कोणी घेत नाही. त्याने हा मजकूर करमणूक म्हणून वाचावा आणि एसी थोडा कमी करावा.

निघण्यापूर्वी

आधी जागा समजून घ्या. कॅनडाच्या सरहद्दीजवळ, मिसुरी नदीकाठी, गव्हाच्या शेतांच्या मधोमध असलेलं हे गाव. 2010 च्या जनगणनेत लोकसंख्या 14,716. त्यापुढची दोन-चार वर्षं लोकसंख्या विचारली की गावातले अधिकारी हसायचे, कारण गाड्यांत झोपणारी माणसं कुठल्या रकान्यात मोजायची हे ठरत नव्हतं.

गावाखाली सुमारे तीन किलोमीटरवर बाकेन नावाचा खडकाचा थर आहे. टायोगा गावाजवळच्या हेन्री बाकेन नावाच्या शेतकऱ्यावरून हे नाव पडलं. या राज्यात तेल पहिल्यांदा 1951 मध्ये टायोगाजवळच लागलं. बाकेनमध्ये तेल आहे हेही जुन्या लोकांना ठाऊक होतं, पण खडक इतका घट्ट की सरळ विहीर खणून फारसं काही वर येत नसे. मग विहीर खाली नेऊन आडवी वळवायची, तशीच आणखी तीन किलोमीटर न्यायची आणि पाणी, वाळू, रसायनं प्रचंड दाबाने आत सोडून खडकाला तडे पाडायचे, हे तंत्र जमलं. 2006 मध्ये याच थरात पार्शलचं तेलक्षेत्र सापडलं. 2008 मध्ये बाकीच्या अमेरिकेत बँका बुडाल्या, घरं जप्त झाली, आणि काम गेलेल्या लाखो माणसांनी नकाशा उघडला. मार्च 2012 मध्ये तेलाच्या उत्पादनात नॉर्थ डकोटाने अलास्काला मागे टाकलं, पुढे फक्त टेक्सास उरलं. मेअखेर राज्यात 218 रिग एकाच वेळी चालू होते. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

जायचं कसं? शिकागोहून एम्पायर बिल्डर नावाची रेल्वेगाडी निघते आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत विलिस्टनला पोचते. म्हणजे वेळापत्रकात पोचते. पाइपलाइन पुरेनाशा झाल्यावर कंपन्यांनी तेल रेल्वेने धाडायला सुरुवात केली. त्या टँकरांच्या लांबलचक गाड्या आणि प्रवाशांची गाडी यांचा रूळ एकच. त्यामुळे तेजी जसजशी वाढली तसतशी तेजीकडे नेणारी गाडी तासन्‌तास लेट होऊ लागली. त्यापेक्षा आपली मोटार न्या. मोठी न्या. मागची सीट पूर्ण आडवी होते का ते शोरूममध्येच झोपून बघा. विक्रेता विचित्र नजरेने बघेल, बघू द्या.

काम

हा भाग लहान आहे, कारण काम मिळतं.

भागातली बेकारी एक टक्क्याच्या आसपास. वॉलमार्टमध्ये सामान लावणाऱ्याला ताशी 17 डॉलर, जेव्हा देशाचं किमान वेतन सव्वासात डॉलर होतं. बर्गरच्या दुकानांवर 'आजच रुजू व्हा, वर बोनस घ्या' असे फलक. पण तुम्ही बर्गर भाजायला आलेला नाही, तुम्हाला रिगवर चढायचं आहे. तर पोलादी टोकाचे बूट, हेल्मेट आणि सहज पेट न घेणाऱ्या कापडाचे कपडे आपल्या पैशाने घ्या. ते नवे कोरे दिसतील, आणि त्यावरूनच सगळ्यांना कळेल की तुम्ही 'वर्म' आहात. रिगवर नवख्याला याच नावाने हाक मारतात. वर्म म्हणजे गांडूळ. रागावू नका, पुढचा वर्म आला की हा मान आपोआप त्याच्याकडे जातो. उतरंड अशी: सगळ्यांत खाली राउस्टअबाउट, म्हणजे फावडं, रंग, झाडू, ओझी. त्याच्या वर रिगच्या फळीवरचा रफनेक. मग उंच मनोऱ्यावर टांगलेला डेरिकहँड, त्याच्यावर ड्रिलर, त्याच्यावर टूलपुशर. आणि या सगळ्यांच्या वर, गरम ट्रेलरमध्ये कॉफी पीत बसलेला 'कंपनी मॅन'.

जड ट्रक चालवायचा परवाना असेल तर तुम्ही राजे. एका विहिरीमागे ट्रकच्या दोनेक हजार फेऱ्या होतात: पाणी, वाळू, पाइप, मग परत आलेलं घाण पाणी, मग तेल. गावातून जाणाऱ्या हमरस्त्यावर डावीकडे वळायला मिळणं हा त्या काळी स्वतंत्र छंद होता.

पाळी बारा तासांची. दोन आठवडे काम, मग सुट्टी. काही जण सुट्टीतही काम घेतात, कारण सुट्टीत राहायला जागा नसते. एक सूचना विनोद बाजूला ठेवून: कॉलरला लावायचा हायड्रोजन सल्फाइडचा मापक खिशात ठेवू नका. हा वायू थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त असला की नाक बधिर होतं आणि वास येणं बंद होतं, तेव्हा सगळं ठीक आहे असं वाटतं. 2012 मध्ये या राज्यात कामावर मरण्याचं प्रमाण लाख कामगारांमागे 17.7 होतं, देशात सर्वांत जास्त, सरासरीच्या पाचपट. जाहिरातीत पगाराचा आकडा असतो, हा नसतो.

मुलाखत पाच मिनिटांची. अनुभव, व्यसन, पाठदुखी यांबद्दल विचारतील, पण खरा प्रश्न शेवटी येतो: "राहायची सोय आहे ना?" बऱ्याच जाहिरातींत ही अट आधीच छापलेली असते. सोय नसेल तर काम नाही. मग तुम्ही घर शोधायला जाता. घरमालक विचारतो, "नोकरी कुठे आहे?" इथे खरी मार्गदर्शिका सुरू होते.

निवारा

पहिल्यांदा हे समजून घ्या की गावात घरं का नाहीत. नवशिके समजतात की गाव गाफील राहिलं. गाव गाफील नव्हतं, पोळलेलं होतं. सत्तरीच्या दशकाच्या शेवटी इथे अशीच तेजी आली होती. तेव्हा नगरपालिकेने मोठ्या उत्साहाने रस्ते आखले, गटारं टाकली, प्लॉट पाडले. ऐंशीच्या दशकात भाव कोसळले, माणसं रातोरात गेली, आणि रिकाम्या प्लॉटांपुढे पक्के रस्ते आणि कोट्यवधी डॉलरचं कर्ज गावाकडे उरलं. ते फेडायला पुढची कित्येक वर्षं गेली. त्या पिढीतली माणसं अजून हयात होती, काही नगरपालिकेत बसलेली होती. त्यांना बांधकामाचा नकाशा दाखवला की ती आधी चष्मा पुसत. बाहेरच्या बँकांनाही या गावाला कर्ज द्यायची घाई नव्हती. त्यात जून 2011 मध्ये पूर्वेकडच्या मायनट शहरात सूरिस नदीला पूर आला, हजारो माणसं बेघर झाली, आणि दोन-अडीच तासांवरची ती सोयही गेली.

तरी तुम्ही भाड्याचं घर बघायला जाणारच. जा. 2014 च्या सुरुवातीला एका पाहणीत देशातलं सर्वांत महाग भाडं विलिस्टनमध्ये निघालं: सातशे चौरस फुटांच्या एका बेडरूमच्या घराला महिन्याला सरासरी 2,394 डॉलर. न्यूयॉर्क नाही, सॅन फ्रान्सिस्को नाही, विलिस्टन. खिडकीतून समोर समुद्र दिसत नाही, ट्रक दिसतात. त्याच इमारतीत पूर्वीपासून राहणाऱ्या पेन्शनर आजी-आजोबांना तीच नवी भाडी लागू झाली, आणि आयुष्य त्या गावात काढलेली माणसं मुलांकडे, दुसऱ्या गावांत निघून गेली. नवशिक्याला ही गोष्ट कोणी सांगत नाही. रिकामी झालेली खोली त्याला दाखवतात तेव्हा भिंतीला ताजा रंग असतो.

भाडं परवडत नाही असं ठरलं की पर्याय पुढीलप्रमाणे.

मोटार. सुरुवात बहुतेक सगळे इथूनच करतात. वॉलमार्टचं आवार एके काळी या कामासाठी प्रसिद्ध होतं: ट्रेलर, पिकअप, तंबू, वरून दुकानाचे दिवे रात्रभर चालू. 2012 च्या सुरुवातीला दुकानाने रात्रीचा मुक्काम बंद केला. गंमत अशी की आत कामाला माणसं मिळत नव्हती आणि बाहेर माणसं काचेवर टकटक करून उठवली जात होती. दुसरीकडे गाडी लावायची तर उणे तीस अंश सेल्सियसची तयारी ठेवा. इथल्या गाड्यांच्या नाकाशी विजेची वायर लोंबताना दिसेल. ती इंजिन गरम ठेवायच्या हीटरची. रात्री ती कोणाच्या तरी प्लगमध्ये खुपसावी लागते, नाहीतर सकाळी इंजिन सुरू होत नाही. इंजिनाला हीटर मिळतो. तुम्हाला मिळेलच असं नाही.

चर्च. कॉन्कॉर्डिया लुथरन चर्चचे पाद्री जे रायंकी यांनी 2011 पासून बेघर कामगारांना चर्चमध्ये आणि त्याच्या वाहनतळावर झोपायला जागा दिली. हजाराहून जास्त माणसं तिथे राहून गेली. शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या, कोण कुठला माणूस आत झोपतो यावर वर्तमानपत्रात लिहून आलं, नगरपालिकेने इमारतीच्या नियमांवर बोट ठेवलं, आणि 2013 मध्ये ते बंद पडलं. या सगळ्यावर जेसी मॉस यांनी 'द ओव्हरनायटर्स' नावाचा माहितीपट केला. नवशिक्याने निघण्यापूर्वी एखादीच गोष्ट करायची असेल तर तो बघावा. त्यात माणसं उतरतात, पाद्री त्यांना मिठी मारतो, आणि पुढे जे होत जातं ते कुठल्याही मार्गदर्शिकेत बसणारं नाही.

ट्रेलर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, या म्हणीची चाकांवरची आवृत्ती. उन्हाळ्यात ठीक. पण ही वाहनं सुट्टीत तळ्याकाठी मासे पकडायला जाणाऱ्यांसाठी बनलेली असतात, डकोटाच्या जानेवारीसाठी नव्हे. म्हणून ऑक्टोबर संपायच्या आत ट्रेलरच्या खालची पोकळी थर्मोकोलच्या फळ्या नाहीतर पेंढ्याच्या गाठी लावून बंद करा. पाण्याच्या पाइपला गरम करणारी विजेची पट्टी गुंडाळा. गॅसची टाकी पहाटे तीनला संपते, म्हणून दुसरी भरून ठेवा. जनरेटर दाराशी लावू नका, धुराने झोपेत माणसं मरतात. ट्रेलर कुठे उभा करायचा हा वेगळा प्रश्न. गल्लीत आणि लोकांच्या परसात लावायला गावाने बंदी केली, ट्रेलर पार्कात जागा नाही, आणि असली तर नुसत्या जमिनीच्या तुकड्याचं भाडं ऐकून तुम्हाला मुंबईची आठवण येईल.

मॅन कॅम्प. कंपनीने दिला तर देवाचे आभार माना. आयत्या, ट्रकवरून आणून जोडलेल्या खोल्यांच्या रांगा, त्यांतल्या काही 2010 च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकसाठी वापरलेल्या. म्हणजे कदाचित तुमच्या पलंगावर कोणी पदकवीर झोपून गेला असेल. जेवण भरपूर आणि चोवीस तास. दारू नाही, पाहुणे नाहीत, बाईमाणूस आत नाही, बूट दारात काढायचे. बऱ्याच ठिकाणी दोन खोल्यांत एक न्हाणीघर. एकाच पलंगावर दिवसपाळीचा आणि रातपाळीचा असे दोन गडी आळीपाळीने झोपतात असंही गावातल्या तळघरांतून चालायचं. गिरणगावातल्या ज्या चाळीत तीन पाळ्यांचे कामगार एका खोलीत राहून गेले, तिथला कोणी म्हातारा तेव्हा विलिस्टनमध्ये उतरला असता तर त्याला फक्त थंडी नवी वाटली असती. आणि हो, खाणावळवाल्या मावशी नसत्या.

निवाऱ्यासोबत पत्ता येतो, आणि पत्त्याशिवाय बँक, परवाना, विमा, पगाराचा चेक सगळं अडतं. पोस्टाची पेटी घ्यावी म्हणाल तर तिथेही रांग आहे. अंघोळीसाठी ट्रकवाल्यांचे थांबे आहेत, पैसे टाकून नळ चालू होतो. कपडे धुवायच्या दुकानात 'तेलकट कपडे आणू नयेत' अशी पाटी असेल, गावातल्या बहुतेक गिऱ्हाइकांचे कपडे तेलकट असले तरी. रविवारी सकाळी काही विकत घ्यायला जाऊ नका. या राज्यात 2019 पर्यंत रविवारी दुपारी बारापर्यंत बरीच दुकानं बंद ठेवायचा कायदा होता. तेल चोवीस तास निघत होतं, देव मात्र साप्ताहिक सुट्टी पाळत होता.

शेजार

गावकऱ्यांशी कसं वागावं? नम्रपणे. ही मुळात नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांची वस्ती, मोठ्याने बोलायची सवय नाही. तुमच्यामुळे त्यांची भाजी महागली आहे, दवाखान्यात ताटकळावं लागतं, आणि पूर्वी न लावलेलं दाराचं कुलूप आता लावावं लागतं. रात्री एकटीने दुकानात जायला बायका घाबरतात. त्यातला प्रत्येक जण तेलाने श्रीमंत झाला असेल असंही समजू नका. इथे जमिनीचा पृष्ठभाग एकाचा आणि त्याखालच्या खनिजाचा हक्क दुसऱ्याचा असू शकतो. आजोबांनी तंगीच्या दिवसांत खालचा हक्क विकलेला असतो. मग नातवाच्या गव्हातून ट्रक जातात, धूळ त्याच्या वाट्याला, आणि रॉयल्टीचा चेक ॲरिझोनात गोल्फ खेळणाऱ्या कोणा अनोळखी माणसाला.

रात्री आकाश नारिंगी दिसेल. तो सूर्योदय नाही. तेलासोबत येणारा वायू न्यायला पाइप नसतात, म्हणून तो विहिरीवरच जाळतात. 2012 च्या सुमारास राज्यातला जवळपास एक तृतीयांश वायू असा जळत होता आणि उपग्रहाच्या चित्रात ही शेतं मोठ्या शहरासारखी चमकायची. खाली, तुमच्या ट्रेलरमध्ये, गॅसची टाकी संपलेली असेल.

या भागाला तेजी काही नवी नाही, हे जाता जाता. विलिस्टनपासून थोड्याच अंतरावर फोर्ट युनियन आहे. 1828 पासून तिथे बायसनच्या कातड्यांचा व्यापार जोरात होता. चाळीसेक वर्षांत तो संपला आणि व्यापाऱ्यांनी किल्ला सैन्याला विकून टाकला. रविवारी दुपारनंतर वेळ असेल तर बघून या.

परतीची तयारी

पहिल्या पगाराच्या दिवशीच ती सुरू करा. नवशिके त्या दिवशी हप्त्यावर मोठा नवा पिकअप घेतात. विक्रेता तुमचा पगार न विचारता कर्ज देतो, हे त्याचं औदार्य नव्हे. हप्ता, भाडं, डिझेल, बाहेरचं जेवण आणि लांब राहिलेल्या घरचा खर्च वजा जाता उरलेली रक्कम लिहून काढा. बऱ्याच जणांना ती गावी मिळणाऱ्या पगाराएवढीच निघते, फक्त आता पाठ दुखते. ज्यांनी खरंच पैसा नेला त्यांची ओळख सोपी होती: कंपनीच्या कॅम्पात राहायचे, जुनीच गाडी चालवायचे आणि किती साठवले हे कोणाला सांगायचे नाहीत.

भावाकडे लक्ष ठेवा. 2014 च्या मध्यात तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं, राज्याचं उत्पादन दिवसाला दहा लाख पिंपांवर गेलं होतं, आणि पोळलेल्या गावालाही आता धीर आला होता: इमारती उठत होत्या, क्रीडासंकुल झालं होतं, नव्या विमानतळाची आखणी चालली होती. जानेवारी 2015 मध्ये भाव पन्नासच्या खाली. 2016 च्या सुरुवातीला तिशीच्याही खाली. ते 218 रिग आठवतात? मे 2016 मध्ये 27 उरले. त्याच सुमारास गावाने मॅन कॅम्प हटवायचा निर्णय घेतला होता, कारण आता इमारतींमध्ये रिकाम्या खोल्या होत्या आणि त्या कोणीतरी भरायला हव्या होत्या. ज्यांनी घरं बांधली त्यांचं म्हणणं, कॅम्पमुळे आमचं नुकसान. कॅम्पवाल्यांचं म्हणणं, तुम्ही नव्हता तेव्हा आम्हीच होतो. दोघांचंही खरं होतं आणि दोघांनाही भाडेकरू नव्हते.

पुरतं ओसाड मात्र झालं नाही. विहिरी खणून झाल्या तरी त्या सांभाळायला माणसं लागतात. ती बायकामुलांना घेऊन राहिली, शाळा भरल्या, आणि 2020 च्या जनगणनेत गावात 29,160 माणसं निघाली, म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा तुम्ही राहायचं ठरवलंत तर वेडे ठरणार नाही.

मंदीत घर शोधणाऱ्यांसाठी सूचना थोडक्यात. घरमालक आता दारात उभा असेल. तो पहिला महिना फुकट म्हणेल, गाडीला गॅरेज देईल, इंजिनाच्या हीटरसाठी प्लगही दाखवेल. लगेच हो म्हणू नका. खिडकी कुठल्या दिशेला आहे विचारा, भिंतीवर टिचकी मारून बघा, वरच्या मजल्यावरचे पाय आपटतात का ते विचारा, बायकोला विचारून सांगतो म्हणा. पगाराची स्लिप मागितली तर विषय हवामानाकडे वळवा.